तीस टक्के पाऊस

परवा व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी फोन करून विषय विचारला. मी म्हटलं, "आयोवातला उन्हाळा." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते जपून म्हणाले, "सर, उन्हाळा आपल्याकडेही पुष्कळ आहे."

त्यांचं काही चुकलं नाही, घोटाळा शब्दाचा आहे. आपण ज्याला उन्हाळा म्हणतो तो शिवार मोकळं असतानाचा काळ. नांगरट होऊन ढेकळं तापत पडलेली, बैल सावलीला, माणसं लग्नाला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना, मिनेसोटाचा दक्षिण भाग, नेब्रास्काचा पूर्व भाग या मक्याच्या पट्ट्यात, उन्हाळा म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट. आणि तेव्हा शिवार काठोकाठ भरलेलं असतं. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत मका पेरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. त्यांचा उन्हाळा हा आपला खरीप आहे. ऊन, पाऊस, गारा, वारा, पेरलेलं आणि कर्ज काढलेलं, सगळं त्या तीन महिन्यांत एकत्र नांदतं. मी तिथे एकोणीस वर्षं होतो, एम्स या विद्यापीठाच्या गावाच्या उत्तरेला, मक्यावर काम करत. मक्याबद्दल थोडंफार कळलं. आभाळाबद्दल जे कळलं ते आज सांगणार आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक सांभाळायचे. रोज सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, आतलं पाणी मापात ओतायचं, डोळा पातळीला आणून वाचायचं, वहीत लिहायचं. आठवीत असताना ते काम काही महिने माझ्याकडे होतं. पाऊस नसेल त्या दिवशी मी रकाना तसाच सोडायचो. गुरुजींनी एकदा वही पाहिली आणि म्हणाले, "शून्य लिही. शून्य म्हणजे पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे तू नव्हतास." मार खाल्ल्यासारखं वाटलं होतं. त्या वाक्याकडे मी शेवटी परत येईन.

आता पहिली गोष्ट. तिथे पावसाळा नाही. पाऊस भरपूर आहे. आयोवात वर्षाला सरासरी पस्तीस इंचांच्या आसपास, म्हणजे नऊशे मिलिमीटरच्या जरा अलीकडे, आणि त्यातला सर्वांत ओला महिना जून. पण मोसमी वारे येऊन ठाण मांडून बसलेत, आठ-आठ दिवस झड लागली आहे, असं होत नाही. उन्हाळ्यातला जवळजवळ प्रत्येक पाऊस म्हणजे वळीव. विजा, गडगडाट, कधी गारा, अर्धा-पाऊण तास धो धो, आणि संपलं. रस्त्याच्या अलीकडच्या शेतात दीड इंच, पलीकडच्या शेतात धूळसुद्धा बसलेली नाही. आपल्या शेतकऱ्याला मेमध्ये एक-दोन वळीव भेटतात, आणि त्यांच्या भरवशावर तो काही करत नाही. तिथला शेतकरी अख्खा मका वळवावर काढतो.

आणि हा वळीव बहुधा रात्री येतो. आपल्याला वळीव म्हणजे दुपारी चारची गोष्ट वाटते, म्हणून मला हे नवीन होतं. दिवसभर रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर जमीन तापते, संध्याकाळी तिथे ढग उभे राहतात आणि रात्रभर पूर्वेकडे सरकत येतात. इकडे सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा निवते, वरच्या हवेला जमिनीचा अडसर राहत नाही, आणि काहीशे मीटर उंचीवर दक्षिणेकडून एक वेगवान झोत वाहू लागतो. तो मेक्सिकोच्या आखातातली वाफ घेऊन येतो. पश्चिमेचे ढग आणि दक्षिणेची वाफ यांची गाठ पडते ती मध्यरात्रीनंतर, नेब्रास्का-आयोवाच्या डोक्यावर. जुलैत रात्री दोनला गाडीने जात असलात तर शेतघरांच्या खिडक्यांत उजेड दिसतो. आजारपण नसतं. कोणीतरी रडारचं चित्र बघत बसलेलं असतं.

माझ्या घराला लागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. तो सरकारी हवामान खात्याचा स्वयंसेवक निरीक्षक होता, त्याच्या आधी त्याचा बाप होता. अमेरिकेत ही पद्धत १८९० च्या कायद्यापासून आहे. आजही साडेआठ हजारांहून जास्त माणसं बिनपगारी तापमान आणि पाऊस मोजतात. पर्जन्यमापक आठ इंच व्यासाचं, आत एक अरुंद नळी. तिचं तोंड वरच्या तोंडाच्या एक दशांश क्षेत्रफळाचं असल्यामुळे पाऊस दहापट उंच दिसतो आणि साध्या काठीने इंचाचा शंभरावा भाग मोजता येतो. म्हातारा सकाळी सातला ही काठी घेऊन निघायचा तेव्हा मला आमच्या शाळेचं आवारच दिसायचं.

त्याच्याकडून मी तीस टक्क्यांचा अर्थ शिकलो. पुस्तकात तो मला माहीत होता. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेचं हवामान खातं पावसाचा अंदाज टक्क्यांत देतं. 'उद्या गडगडाटी पावसाची शक्यता तीस टक्के.' लोक याचा अर्थ काय वाटेल तो करतात. कोणी म्हणतं तीस टक्के भागात पडेल, कोणी म्हणतं दिवसाचा तीस टक्के वेळ पडेल. खात्याच्या लेखी अर्थ असा, की अंदाजाच्या क्षेत्रातल्या कुठल्याही एका जागी, त्या मुदतीत, इंचाचा शंभरावा भाग तरी पाऊस पडण्याची शक्यता दहात तीन. इंचाचा शंभरावा भाग म्हणजे पाव मिलिमीटर. त्याने मक्याचं पान पुसायलाही पाणी पुरत नाही! म्हातारा म्हणायचा, "माझं बँकेचं कर्जसुद्धा इतकं बारीक अक्षरात लिहिलेलं नाही." पण तो खात्यावर कधी चिडायचा नाही. तीस टक्के सांगितलं आणि पडला नाही, तर अंदाज चुकला असं म्हणता येत नाही. पडला तरी चुकला असं म्हणता येत नाही. खरं-खोटं करायचं तर तीस टक्के सांगितलेले सगळे दिवस जमा करायचे आणि त्यांतल्या किती दिवशी पडला ते मोजायचं. तो मोजायचा. त्याच्या वहीत अंदाजाचा एक रकाना होता आणि पावसाचा एक. दहात तीनच्या आसपास निघायचे, असं तो म्हणे.

आपल्याकडे दरवर्षी एप्रिलात 'सरासरीच्या इतके टक्के पाऊस' असा मथळा येतो, आणि आपण तो आपल्याच वावरासाठी सांगितला आहे असं समजतो. ती टक्केवारी देशाची असते आणि चार महिन्यांची असते. टक्के हा शब्द एकच, पण दोन ठिकाणी त्याचे अर्थ वेगळे. आणि मोजणाऱ्याने काय मोजलं हे कोणी विचारत नाही.

आता उकाड्याबद्दल. आयोवाचा उच्चांक ११८ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४८ सेल्सियस, २० जुलै १९३४ रोजी राज्याच्या आग्नेय टोकाला कीओकक गावी नोंदला गेला. विदर्भातल्या माणसाला त्याचं काय! पण १९३४ आणि १९३६ चे उन्हाळे धुळीचे, कोरडे होते. आजचा तिथला उकाडा दमट आहे, आणि गंमत अशी की त्यातला काही मक्याने स्वतः केलेला आहे. वाढलेल्या मक्याचा एक एकर दिवसाला तीन ते चार हजार गॅलन पाणी हवेत सोडतो, म्हणजे साधारण अकरा ते पंधरा हजार लिटर. आपल्याकडचा एक मोठा टँकर भरेल इतकं. आयोवात मका सुमारे एक कोटी तीस लाख एकर. किती टँकर होतात ते घरी जाऊन करा. तिथले लोक याला मक्याचा घाम म्हणतात. वाफ मुळात आखातातून येते, पण तिच्यात ही भर पडली की दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो अंक, पंचवीस-सव्वीस सेल्सियसवर जाऊन बसतो. १९ जुलै २०११ ला मिनेसोटात मूरहेड इथे तो ८८ फॅरनहाइट झाला होता, ३१ सेल्सियस. मुंबईची सवय असलेल्यालाही गुदमरल्यासारखं व्हावं असा. आणि आजूबाजूला मुंबई नाही, क्षितिजापर्यंत हिरवा मका.

या घामात सगळ्यांत जास्त निथळतात ती चौदा-पंधरा वर्षांची पोरं. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी ओळींचे तुरे परागकण सुटायच्या आत उपटून टाकावे लागतात. यंत्र बरेचसे काढतं, उरलेले हाताने. जुलैत शाळेला सुट्टी असते. पहाटे बसगाड्या भरून पोरं शेतात उतरतात. मका डोक्यापेक्षा उंच आणि पानं दवाने चिंब, म्हणून कचऱ्याच्या काळ्या पिशवीला भोकं पाडून ती अंगात घालतात. नऊ वाजता पिशवी फेकतात, अकरा वाजता सदरा सोसत नाही, आणि काढला तर पानं कापतात. कोणत्या प्लॉटला किती तारखेला तुरा येणार हे उष्णतेच्या हिशोबावर ठरतं: दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं करायचं, त्यातून पन्नास फॅरनहाइट वजा करायचे, आणि रोजची ही बेरीज करत राहायची. शहाऐंशीच्या वरचं ऊन धरायचं नाही, कारण त्यापुढे मका वेगाने वाढत नाही. उष्म्याची लाट आली की सगळ्या प्लॉटांचे तुरे एकदम येतात आणि पोरं कमी पडतात. जालन्याच्या आसपास कपाशीच्या बीजोत्पादनात फुलांतले पुंकेसर हाताने काढणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही घाई कळेल. त्याच जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. ते पारितोषिक आयोवाच्या राजधानीतून, दे मॉइनमधून दिलं जातं. दोन्हीकडच्या बियाण्यात घाम एकाच जातीचा आहे, एवढंच म्हणायचं होतं.

तुऱ्यावरून मुख्य मुद्द्याकडे येतो. मक्याचं वर्ष ठरतं ते जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत. वर तुरा येतो, खाली कणसातून रेशमासारखे केस बाहेर पडतात. एक केस म्हणजे एक दाणा. प्रत्येक केसावर परागकण पडला पाहिजे आणि तो केसातून खाली उतरून दाण्यापर्यंत पोचला पाहिजे. पाणी कमी पडलं की मका चलाखी करत नाही, गोंधळतो: तुरा वेळेवर येतो, केस मागे राहतात. पराग उडून जातो आणि केस चार दिवसांनी येतात, लग्न उरकल्यावर वऱ्हाड पोचावं तसे. मग ऑक्टोबरात कणीस सोललं की टोकाला, कधी मध्येच, बोळकं. या दिवसांत पिकाला रोज पाव इंच किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. आयोवाची काळी जमीन पाच फुटांत दहा इंचांच्या आसपास पाणी पिकासाठी धरून ठेवते, म्हणून आठ-दहा दिवस पावसाने दडी मारली तरी निभतं. त्यापुढे आभाळ.

हेन्री वॉलेस हे नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. दे मॉइनच्या शेतकी साप्ताहिकाच्या घरातला मुलगा. पुढे १९२६ मध्ये त्याने संकरित मक्याची कंपनी काढली, १९३३ मध्ये देशाचा कृषिमंत्री झाला, १९४१ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष. पण मला तो आवडतो तो त्याने १९२० साली हवामान खात्याच्या मासिकात लिहिलेल्या एका लेखामुळे. मक्याच्या आठ राज्यांतलं हवामान आणि मक्याचा उतारा यांचं नातं गणिताने मांडण्याचा तो प्रयत्न होता. संगणक नव्हते, हाताने आणि बेरजेच्या यंत्रावर केलेली आकडेमोड. त्या आकडेमोडीचा कच्चा माल कुठून आला? सकाळी काठी बुडवणाऱ्या माणसांच्या वह्यांतून. त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेली शून्यं नसती तर वॉलेसला एकही बेरीज करता आली नसती.

आता प्रश्न असा. जुलैत अंदाज ऐकायला सर्वांत अधीर कोण असतो? शेतकरी. आणि त्या अंदाजावर काही करता न येणारा कोण असतो? तोच. आयोवात ओलीत जवळजवळ नाहीच. नेब्रास्कात भूजलावर चालणारे मोठमोठे फिरते फवारे आहेत. विमानातून हिरव्या चकत्या दिसतात त्या त्यांच्या. आयोवात उलट जमिनीखाली पाणी काढून टाकायच्या नळ्या पुरलेल्या आहेत, कारण वसंतात वाफसा लवकर यावा लागतो. बी पेरलं, खत दिलं, तण मारलं, विमा उतरवला. जुलैच्या मध्यावर शेतकऱ्याच्या हातात उरतो तो रेडिओ किंवा फोन. दहा दिवस कोरडे आहेत हे कळून तो काय करणार? बायकोवर चिडणार. मी पाहिलं आहे.

त्या अंदाजावर काही करता येतं ते शिकागोतल्या माणसाला. तिथला धान्याचा वायदेबाजार १८४८ पासून आहे, आणि जून-जुलैत तो मक्यापेक्षा ढगांचाच व्यापार करतो असं म्हणायला हरकत नाही. शुक्रवारी अंदाज कोरडा, भाव चढला. शनिवार-रविवारी इलिनॉयवर चांगला पाऊस झाला, सोमवारी बाजार उघडताच भाव कोसळला. सोमवारी दुपारी कृषी खात्याचा पिकांच्या स्थितीचा अहवाल येतो, किती टक्के मका उत्तम, किती चांगला, किती वाईट. मंगळवारी पुन्हा उलथापालथ. शेतात पाऊस पडला की मका वाढतो आणि त्याचा भाव पडतो. म्हातारा एकदा इंचभर पावसानंतर पर्जन्यमापकापाशी उभा राहून म्हणाला, "हा पाऊस मला किती बुशेलला मिळाला आणि किती डॉलरला पडला, हे रात्री सांगतो."

२०१२ चं वर्ष मी विसरणार नाही. मार्चमध्येच मे असल्यासारखी ऊब पडली, लोकांनी लवकर पेरलं, नेहमीपेक्षा जास्त क्षेत्रावर पेरलं. मेमध्ये कृषी खात्याचा देशाचा अंदाज होता एकरी १६६ बुशेल, म्हणजे आपल्या हिशोबाने बेचाळीस क्विंटल. मग पाऊस थांबला, थांबला तो नेमका तुऱ्याच्या वेळी. वर्षअखेर हाती आले १२३ बुशेल, एकतीस क्विंटल. आपल्याकडे एकतीस आले तर पेढे वाटतील हे मला ठाऊक आहे. पण खर्च बेचाळिसाचा केलेला होता. ऑगस्टमध्ये शिकागोत मका बुशेलला आठ डॉलरच्या वर गेला. ज्यांच्याकडे विकायला होता त्यांनी पैसे केले, ज्यांच्याकडे डुकरं आणि कोंबड्या होत्या ते बुडाले. आणि हे सगळं येतंय हे कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. पुढच्या वर्षी सरकारी शास्त्रज्ञांच्या गटाने मागे वळून तपासलं. निष्कर्ष असा की समुद्राच्या तापमानावरून ते अवर्षण महिनोन्‌महिने आधी ओळखता येण्यासारखं नव्हतं. हा अहवाल मी आमच्या विभागाच्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, मग एवढे उपग्रह कशाला? प्रश्न मला बालिश वाटला. आता इतका बालिश वाटत नाही. तीन महिन्यांचा अंदाज मोठ्या आवाजात सांगितला जातो आणि तो सगळ्यांत कच्चा असतो, हे सांगायला शास्त्रज्ञ जरा लाजतात. आम्ही लाजलोच.

मग अंदाज खरा कामाला कुठे येतो? लसूणघासात. दुभती जनावरं ज्याच्याकडे आहेत तो जूनपासून तीन-चार कापण्या घेतो. कापलेला घास शेतातच पसरून वाळवावा लागतो. त्याला तीन कोरडे दिवस हवेत. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय गठ्ठे बांधले तर आत गरम होतात, बुरशी येते, आणि कधी कधी गोठाच पेट घेतो. वाळत आलेल्या घासावर पाऊस पडला की पानं झडतात, सत्त्व धुऊन जातं. म्हणून म्हातारा सोमवारी रात्री गुरुवारपर्यंतचा अंदाज ऐकायचा आणि मंगळवारी सकाळी कापणी यंत्र काढायचं की नाही ते ठरवायचा. इथे तीस टक्के म्हणजे 'काप', साठ टक्के म्हणजे 'थांब', आणि चाळीस टक्के म्हणजे शेजाऱ्याने काय केलं ते खिडकीतून पाहायचं! तणनाशक फवारणीचंही तसंच. वारा किती, कुठल्या दिशेचा, आणि संध्याकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर बसणार का. तो थर बसला की धूर वर न जाता आडवा पसरतो, आणि फवाऱ्याची वाफही तशीच सरकत जाऊन शेजाऱ्याचं सोयाबीन वाकडं करते. दोन-तीन दिवसांच्या अंदाजाने तिथल्या शेतीचे किती पैसे वाचवले असतील! पण त्याच्यावर कोणी मथळा करत नाही.

आणि त्याहून छोटा अंदाज, तासा-अर्ध्या तासाचा. त्याची गोष्ट १० ऑगस्ट २०२० ची.

पण आधी एक माणूस. गुस्तावस हिनरिक्स, होल्स्टाइनमधून आलेला, आयोवाच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारा. १८७५ मध्ये त्याने आयोवाची स्वतःची हवामान सेवा उभी केली. अमेरिकेतल्या राज्यांत ती पहिली. गावोगावच्या स्वयंसेवकांनी पाठवलेल्या नोंदींवरून त्याच्या लक्षात आलं, की काही वादळं चक्रीवादळासारखी गरगरत नाहीत. नाकासमोर सरळ धावतात आणि शेकडो मैल आडवे करत जातात. ३१ जुलै १८७७ च्या अशा एका वादळाचा माग त्याने काढला, आणि १८८८ मध्ये अशा वादळाला 'देरेचो' हा स्पॅनिश शब्द वापरला. अर्थ, सरळ. शब्द छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षं विसरला गेला. १९८७ मध्ये दोन हवामानशास्त्रज्ञांनी तो पुन्हा काढला. २०२० च्या ऑगस्टपर्यंत आयोवातल्या बहुतेक शेतकऱ्यांना तो उच्चारता येत नव्हता. सप्टेंबरात चौथीच्या पोरांनाही येत होता.

त्या उन्हाळ्यात राज्याचा पश्चिम-मध्य भाग कोरडा पडला होता आणि आम्ही सगळे पावसाची वाट बघत होतो. आदल्या दिवशीच्या संगणकी प्रारूपांत त्या वादळाचा खरा आकार दिसलाच नव्हता. सकाळी अंदाजात गडगडाटाची शक्यता होती, आणि म्हातारा खूश होता. साउथ डकोटा-नेब्रास्काच्या सीमेजवळ जन्मलेली ढगांची रांग रडारवर धनुष्यासारखी वाकली, तेव्हा खात्याचे इशारे एकामागोमाग एक सुटू लागले. अकराच्या सुमारास पश्चिमेचं आभाळ काळं-हिरवं झालं, भोंगा वाजला, मी तळघरात गेलो. आपल्याकडचा वारा सुसाट सुटतो, थांबतो, परत सुटतो. हा थांबलाच नाही. वीस-पंचवीस मिनिटं एकच दाब, एकाच दिशेने, घरावर कोणी खांदा लावून उभं असल्यासारखा. वादळ चौदा तासांत सुमारे ७७० मैल गेलं, इंडियाना ओलांडून. आमच्या पूर्वेला अ‍ॅटकिन्स गावी ताशी १२६ मैल वारा मोजला गेला. सीडर रॅपिड्स शहरात पडझडीवरून १४० मैलांचा अंदाज केला, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर. त्या शहरातली निम्म्याहून जास्त झाडं गेली. एकूण नुकसान अकरा अब्ज डॉलरच्या घरात.

वर आलो तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते हे, की दूरचं दिसतंय. जुलैपासून मक्याच्या भिंतीमुळे शेजारचं घर दिसत नसतं. आता तीन मैलांवरचा चर्चचा कळस दिसत होता. मका झोपला होता, सगळा एकाच दिशेला, भांग पाडल्यासारखा. तुऱ्याच्या आधी मका असा पडला तर वाकडा का होईना, उठतो. ऑगस्टमध्ये, दाणा भरताना, तो उठत नाही. धान्याच्या पत्र्याच्या कणग्या कागदी पेल्यासारख्या चुरगळल्या होत्या.

त्या वेळी चक्रीवादळाच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन आपोआप किंचाळत, वाऱ्याच्या इशाऱ्याने नाही. वारा ताशी दीडशेचा असला तरी नाही. २०२१ च्या उन्हाळ्यापासून तीव्र वादळाला विध्वंसक अशी खूण लागली, म्हणजे ऐंशी मैलांच्या वरचा वारा किंवा बेसबॉलएवढी गार अपेक्षित असली, की फोन वाजतात. मोठ्या शास्त्रापेक्षा हा छोटा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. कारण त्या अर्ध्या तासात माणसाला करण्यासारखं काहीतरी असतं: तळघराच्या दहा पायऱ्या.

संध्याकाळी म्हाताऱ्याकडे गेलो. अवजारांच्या शेडचं छप्पर उडून परसात आलं होतं, आणि जिथे पर्जन्यमापक होतं तिथे नुसता वाकलेला सांगाडा. आठवडाभर वीज येणार नव्हती, पीक गेलं होतं, आणि तो स्वयंपाकघराच्या टेबलावर बॅटरीच्या उजेडात वही उघडून बसला होता. सकाळी सातची नोंद. म्हणजे दहा तारखेचा पाऊस अकराच्या रकान्यात जातो. तो भरायचा कसा, हा त्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, रडारवरून अंदाज काढता येईल, तिकडच्या दोन शेजाऱ्यांची मापकं शाबूत आहेत, त्यांची सरासरी घे. इंचाच्या आसपास असेल. त्याने मान हलवली. "मी मोजलेला नाही."

मला गुरुजींचं वाक्य आठवलं आणि मी ते त्याला भाषांतर करून सांगितलं. तो हसला. म्हणाला, आमच्या तक्त्यात रिकाम्यालाही अक्षर आहे. नोंद हुकली तर 'एम' लिहायचं.

त्या वहीत मी पुढे एकदा ते पान पाहिलं. अकरा ऑगस्ट: एम. त्याने त्याच दिवशी कॉफीचा सरळ कडांचा डबा कुंपणाच्या खांबाला तारेने बांधला होता. बारा ऑगस्ट, सकाळी सात: शून्य.